दुसरी जर्मल

प्रिय आत्या,

काल तुझं घड्याळ सुरू झालं. आईबाबा बघून गेले. पण जिला सांगायचं होतं ती घरात नाही ना, म्हणून लिहितेय.

खोताच्या वाडीतल्या ज्या बाईंकडे तू स्वयंपाक करायचीस, त्यांनी घर सोडताना ते तुला दिलं होतं. भाजक्या मातीची मुलगी, वरून काचेसारखी हिरवी चकाकी, मान वाकडी करून घड्याळाला कान लावून बसलेली. "जर्मन आहे, जुनं आहे, सांभाळ," असं त्या म्हणाल्या. तू घरी येऊन टिचकी मारलीस. "जर्मल? ही तर माती! बाईंना कुणीतरी फसवलान गो." आणि ठेवलंस फळीवर, आपल्या जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, टोपांशेजारी. पण रोज ओल्या फडक्याने पुसायचीस. फसवणुकीची वस्तू एवढी कोण पुसतं गं?

नववीत मी शाळा सोडली. वर्गात उभं राहून वाचायला सांगायचे आणि माझा आवाजच फुटायचा नाही. घरात सगळे ओरडले. तू फळीकडे बघून म्हणालीस, "असू दे. ती एक जर्मल, ही दुसरी. बोलत नाहीत, पण ऐकतात सगळं." झालं, अख्खी चाळ मला जर्मल म्हणायला लागली! तेव्हा राग यायचा. आता कोणी तशी हाक मारत नाही, तर चुकल्यासारखं वाटतं.

तू गेलीस आणि घड्याळाला चावी द्यायचं राहूनच गेलं. नंतर दिली, तरी ते चालेना. परवा बाबा म्हणाले, "बंद घड्याळ घरात नको. भंगारात देऊन टाकू." पिशवीत भरलंसुद्धा.

मी म्हटलं, "नको. मी दुरुस्त करून आणते."

"तू? तुला भाजीवाल्याकडे मिरची मागता येत नाही."

खरंच येत नाही. तरी गेले. गिरगावपर्यंत बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून.

घड्याळवाल्या काकांनी विचारलं, "कुठलं गं हे?"

"जर्मलचं."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "जर्मलचं असतं तर यात भात शिजवला असता, पोरी. जर्मनीचं म्हण."

आत्या, एवढी वर्षं तू एका देशाला टोप समजत होतीस! आणि तुझ्यामुळे मीपण. एकदा कोणाला विचारायचंस तरी. मी इतकी हसले की रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला. माझा आवाज एवढा मोठा आहे, मलाच माहीत नव्हतं.

आतलं तेल सुकलं होतं, बाकी सगळं धड. काकांनी साफ करून तेल घातलं आणि चावी माझ्याच हातात दिली.

येताना तशीच पिशवी घेऊन रात्रशाळेत शिरले. शिपायांनी विचारलं, "कोणाला भेटायचंय?" मी म्हटलं, "मला शिकायचंय." एकदाच म्हटलं. त्यांना ऐकू गेलं.

सोमवारपासून जायचंय. उभं करून वाचायला लावलं तर आधी अडखळेन बहुतेक. पण वाचेन. चावीपण मीच देत जाईन. आणि तिला फळीवरून हलवणार नाही, टोपांशेजारीच राहील. कोणी विचारलं तर सांगेन, जर्मल आहे.

तुझीच,
दुसरी जर्मल