सँडफूड उपटून वृंदावनात लावण्यास हरकत

दिनांक : ८ एप्रिल १९८५

प्रति,
मा. अध्यक्ष (डॉ. चारुदत्त खांबेटे),
मरुभूमी महाराष्ट्र मंडळ,
यूमा, अॅरिझोना.

विषय : कै. हेमचंद्र टिपणीस यांच्या स्मरणार्थ सँडफूडचे रोप खोदून आणण्याचा ठराव रद्द होणेबाबत.

संदर्भ : पाडव्याच्या सभेतील ठराव क्रमांक ३.

सोबत : वडिलांनी काढलेली चार रंगीत छायाचित्रे (पाहून परत मिळावीत).

महोदय,

एरवी मी आपल्याला चारुकाका म्हणते. परंतु मंडळाच्या घटनेप्रमाणे ठरावाला हरकत घ्यायची तर ती लेखी, मराठीत आणि अध्यक्षांच्या नावे द्यावी लागते, म्हणून ‘महोदय’.

माझे वडील, कालव्यांवरचे अभियंते आणि मंडळाचे संस्थापक सभासद, जानेवारीत वारले. पाडव्याच्या सभेत असे ठरले की, त्यांना प्रिय असलेले सँडफूड वाळूच्या टेकड्यांतून आणावे, मंडळाच्या अंगणात वृंदावन बांधून त्यात लावावे आणि सभासदांनी त्याला रोज पाणी घालावे. त्यासाठी येत्या शनिवारी सर्वजण सहकुटुंब टेकड्यांवर निघाले आहेत. ही खोदाई थांबवावी, अशी माझी विनंती आहे. कारणे खाली देत आहे.

१. सँडफूड लावता येत नाही. त्याला पाने नाहीत. अंगात हिरवा रंग कुठेच नाही, म्हणजे उन्हातून अन्न करण्याची सोयच नाही. वाळूवर आपल्याला दिसते ती पुरीएवढी, राखाडी, लोकरीसारखी एक चकती. वसंतात तिच्यावर बारीक जांभळी फुले येतात. चकतीखाली मांसल दांडा असतो. तो वाळूत पुरुषभर खोलही जातो आणि त्याचे टोक दुसऱ्याच एका झुडपाच्या मुळाला चिकटलेले असते. खाणे सगळे तिथून येते. दांडा मुळापासून सुटला की संपले. मग तो वृंदावनात ठेवला काय आणि फ्रीजमध्ये ठेवला काय.

सभेत हे मी सांगायला उभी राहिले तेव्हा आपण म्हणालात, “म्हणजे बांडगूळच की! आमच्या हेमचंद्राला आवडून आवडून बांडगूळ आवडलं?” सगळे हसले. मीही हसले, कारण बाबाही हसले असते. पण माझे पुढचे बोलणे तिथेच राहिले, ते आता लिहीत आहे. बांडगुळाला निदान हिरवी पाने असतात, ते थोडेफार स्वतःचे कमावते. सँडफूड तेही करत नाही. त्याचे बी एवढ्या खोलवरच्या मुळापर्यंत पोचते कसे, हे अजून कुणाला नक्की कळलेले नाही. मुंग्या नेत असतील, उंदीर नेत असतील. बाबांना हे कोडे फार आवडत असे आणि ते सुटले नाही याचेही त्यांना वाईट वाटत नसे.

२. पाणी घालण्याचे वेळापत्रक मंडळाच्या फलकावर लागले आहे. सोमवार खांबेटे, मंगळवार आठल्ये, असे. वर्षात जिथे दोनतीन इंच पाऊस पडतो तिथल्या दांड्याला रोज तांब्याभर पाणी मिळाले तर तो कुजेल. सुलभामावशींनी, त्या बी.एस्सी. बॉटनी असल्यामुळे, नारळाच्या पाण्यात दांडा बुडवून ठेवण्याचे सुचवले आहे. मी आदराने नोंदवते की मुळे न फुटणाऱ्या गोष्टीला नारळाच्या पाण्याने मुळे फुटत नाहीत. हळदीकुंकू वाहण्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

३. ठरावात रोपाचे नाव ‘हेमपुष्प’ असे नोंदले गेले आहे. ते कृपया खोडावे. ज्या लोकांच्या या टेकड्या होत्या ते हा दांडा भाजून खात आणि त्यांच्याकडे त्याला स्वतःचे नाव आहे. बाबांनी कधी त्याचे बारसे केले नाही. आपणही करू नये.

४. हे खरे तर पहिले कारण असायला हवे होते, पण अर्ज पुन्हा लिहून काढण्याएवढी माझी बैठक सध्या राहिलेली नाही. जमीन सरकारी आहे, रोप दुर्मीळ आहे आणि परवान्याशिवाय ते उपटणे गुन्हा आहे. यावर आपण फोनवर म्हणालात, “अगं, वाळवंटात कोण बघायला बसलंय? माझ्या ड्राइव्हवेतला कॅक्टस नाही का मी ट्रान्सप्लांट केला? मस्त जगलाय!” आपला कॅक्टस मी पाहिला आहे. तो स्वतःच्या मुळांवर उभा आहे.

५. माझ्याखेरीज ती जागा फक्त आठल्यांच्या राजीवला ठाऊक आहे. गेल्या एप्रिलमध्ये बाबांना गाडी चालवणे जमत नव्हते तेव्हा त्याने त्यांना जीपमधून नेले. बाबा नेहमीप्रमाणे वाळूत पोटावर झोपून फुले पाहत राहिले. उठवेना, तेव्हा राजीवने हात दिला आणि म्हणाला, “काका, नेक्स्ट इयर मी तुम्हाला उचलून आणीन, प्रॉमिस.” त्याने जागा दाखवू नये, असे सांगायला मी त्याला फोन केला. तो म्हणाला, “ताई, आय प्रॉमिस्ड हिम. काकांना तिथे नेता येत नाही, तर निदान ते फूल तरी इथे आणतो ना.” हरकत तरीही कायम आहे.

लहान असताना मीही ते घरी नेऊ या म्हणून हट्ट धरला होता. बाबा म्हणाले होते, “नेशील गं, पण त्याचं जेवण कोण आणणार?”

६. हे मी शेवटी ठेवले, कारण ते माझ्या बाजूचे नाही. ठरावाच्या बाजूने पहिला हात माझ्या आईचा, सौ. वसुधा टिपणीस यांचा, वर गेला. (‘सौ.’ सवयीने लिहिले. ‘श्रीमती’ असे वाचावे.) घरी आल्यावर मी तिला वरची सगळी माहिती दिली. ती म्हणाली, “तुझ्या बाबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतांत पाणी पोचवलं. मला सकाळी उठून एका ठिकाणी पाणी घालायचंय. तू मला बॉटनी नको सांगूस.” मी म्हटले, आठवडाभरात कुजेल गं ते. “आठवडाभर तर आठवडाभर,” ती म्हणाली.

त्यानंतर मी दोनदा टेकड्यांवर जाऊन आले. कालही गेले होते. तिथे गेले की घरी आई एकटी आहे हे आठवते, आणि घरी आले की शनिवार आठवतो. ग्रंथालयात काम करताना एकच पुस्तक तीन निरनिराळ्या कपाटांत लावून आले.

तेव्हा पर्याय असा सुचवते. वृंदावन बांधले आहे, ते राहू द्यावे. त्यात सँडफूड न लावता ते ज्याच्या मुळावर जगते ते झुडूप लावावे. ते गुडघ्याएवढे, पांढरट आणि अगदी साधे असते. ते दुर्मीळ नाही, रोपवाटिकेत मिळते आणि मी एक आणून मागच्या दारी ठेवले आहे. पहिले वर्षभर त्याला थोडे पाणी लागते आणि ते आईने घातले तर चालेल, किंबहुना तिनेच घालावे. बाबा फुलाविषयी तासभर बोलत. झुडपाविषयी मी एकदा विचारले तेव्हा एवढेच म्हणाले, “सगळं तेच करतं, पण त्याचा फोटो कुणी काढत नाही.” छायाचित्रांमध्ये ते कोपऱ्यात, अर्धे कापलेले दिसेल.

आईला मी झुडूप दाखवले. तिने विचारले, “याला फूल येतं का?” मी म्हटले, येते, पण दिसण्यासारखे नसते. ती ओटा पुसायला आत गेली.

महोदय, आईने आपला होकार मागे घेतलेला नाही, हे मला लपवायचे नाही. शनिवारी ती आपल्या स्टेशन वॅगनमध्ये, काकूंच्या शेजारी बसून येणार आहे. मी त्याआधीच तिथे असेन. यंदा चकती वर आली आहे, एकच. मी तिच्यासमोर उभी राहीन आणि हटणार नाही. आईही हटणाऱ्यांतली नाही, हे आपण इतकी वर्षे जाणता. गाडीतून उतरल्यावर तिने मला फावड्यासमोर उभी असलेली पाहावे आणि सर्व सभासदांदेखत आम्हा दोघींनी एकमेकींना ‘बाजूला हो’ म्हणावे, एवढे मात्र आपण टाळू शकता. आता घरात आम्ही दोघीच आहोत.

म्हणून ठराव रद्द करणे नियमात बसत नसेल तर राहू द्यावे. शनिवारी सर्वांनी जरूर यावे, फक्त फावडी घरी ठेवून यावे.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेली,

सुनेत्रा हेमचंद्र टिपणीस
सभासद, मरुभूमी महाराष्ट्र मंडळ