दोनाचे आठ

दादा,

इंटर्नशिपसाठी तू सीनियर्सना विचारून बारा छोट्या इन्व्हेस्टमेंट बँकांना गुण दिले होतेस. घराजवळच्या बँकेत रात्रंदिवस राबवतात, म्हणून 'कामाचे तास' या रकान्यात तिला दहापैकी दोनच होते. तू घरी राहावंस म्हणून मी गुपचूप त्या दोनाचे आठ केले. बेरजेत ती पहिली आली, तू तिथेच लागलास.

पण घरी तू झोपायलाही येईनास. नवव्या आठवड्यात तिथल्या खुर्चीतच गेलास. आई नशिबाला बोल लावते. मी ऐकून घेते.

तुझा तक्ता कॉलेजात अजून फिरतोय. आज एक मुलगी तो घेऊन आली, "पहिलीच बँक घेऊ ना?" तिच्यासमोर मी आठाचे पुन्हा दोन केले. बँक सातवी झाली.

ती म्हणाली, "मग तुझा दादा तिथे का गेला गं?"

तुझी,
चोमडी