रान मोकळं आहे का?

सुदुंबरे,
मंगळवार

प्रिय अपूर्वा,

कागदावर तुझं नाव लिहायची ही पहिलीच वेळ. आपण बोललो ते मोबाईलवर आणि भांडलो तेही तिथेच. पण तुझा जुना नंबर लागत नाही, आणि नवा कुणाकडे मागायचा धीर मला झाला नाही. गेल्या आठवड्यात तळेगावच्या बाजारात चंद्रिकाकाकू भेटल्या. मी काही विचारायच्या आतच म्हणाल्या, "पत्र लिही. मोबाईलवरचं ती न वाचता पुसून टाकते. कागद मात्र तिला टाकवत नाही, वाण्याकडच्या पुडीचा कागदसुद्धा आधी वाचते आणि मग चुरगाळते." हे लेकीचं कौतुक होतं की तक्रार, ते मला कळलं नाही. मेथीची एक जुडी माझ्या पिशवीत कोंबून त्या गर्दीत निघूनही गेल्या.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. पप्पांची कंपनीत अजून पाळीच आहे, सकाळची असली की दुपारनंतर ते रानात असतात. शेजारच्या बायका आईला विचारतात, "समीक्षाची शाळा कधी संपायची?" इतकी वर्षं आई समजावून सांगायची. आता थकून म्हणते, "पेपरात हाय ती." वार्ताहरांवर संशोधन करते म्हणजे पेपरातच की, असा तिचा हिशेब. मीही तो मोडत नाही. माझा प्रबंध सरकतोय. गावोगावचे वार्ताहर बातमीही पाठवतात आणि जाहिरातीही गोळा करतात, त्या ओढाताणीवरचं प्रकरण आता जवळजवळ झालंय. एक वार्ताहर मला म्हणाले, "ताई, ज्याची जाहिरात आणायची त्याच्याच विरोधात बातमी कशी लिहायची, हे तुमच्या पुस्तकात सापडलं तर आम्हालाही कळवा." मी ते वाक्य जसंच्या तसं प्रकरणाच्या सुरुवातीला घातलंय. तू असतीस तर म्हणाली असतीस, घाल, पण त्यावर ज्ञान पाजळू नको.

आपला 'सहवाचन' गट अजून चालू आहे. लोणावळ्याच्या वाचनालयाची माडीवरची तीच खोली, महिन्यातला तोच रविवार. निम्मे पुण्याकडून येतात, निम्मे मुंबईकडून, आणि मधलं गाव म्हणून लोणावळा, हा तुझा हिशेब अजून बरोबर आहे. मुंबईची मंडळी जाताना चिक्की घेऊन जातात, त्यामुळे त्यांच्या घरच्यांना अजूनही वाटतं की ही पोरं दर महिन्याला सहलीला जातात. माध्यमं आणि संवाद या विषयांत नव्याने संशोधनाला लागलेल्यांची संख्या वाढतेय आणि त्यांचे प्रश्न तेच आहेत. मार्गदर्शक फोन उचलत नाहीत, शिष्यवृत्तीचा अर्ज कळत नाही, लिहिलेलं वाचायला माणूस नाही. आपण त्यांचं वाचतो, तोंडी परीक्षेची तालीम घेतो, कुणाला नुसतंच रडायचं असेल तर त्याच्यासोबत खाली चहा प्यायला जातो. श्रीयश खोलीची किल्ली आणतो, प्रेरणा नव्यांचे फोन घेते. समन्वयक मी आहे. निवडून वगैरे नाही, बाकीच्यांनी खाली बघितलं आणि मी वर बघत राहिले, एवढंच.

तरीही मला ते काम आवडतं. मी पहिल्यांदा त्या खोलीत आले तेव्हा घरातली पहिली पदवीधर असल्याचा अभिमान बरोबर घेऊन आले होते आणि अर्ध्या तासात त्याची भीती झाली होती. सगळ्यांनी वाचलेल्या पुस्तकांची मी नावंही ऐकलेली नव्हती. तू शेजारी सरकून म्हणालीस, "इथे न कळलेलं विचारायला वर्गणी नाही." मी आता नव्यांना हेच सांगते, तुझं नाव न घेता.

तर, तीन महिन्यांपूर्वी सृष्टी आली. तिकोणा पेठेची, घरातली पहिलीच, माझ्यासारखी. पुण्याच्या वसतिगृहात राहते. बोलताना आधी ओढणी नीट करते आणि मग एकदम नेमकं बोलते. तिच्या विषयाची नोंदणी महिनाअखेरच्या आत झाली तर तिला शिष्यवृत्ती मिळेल, नाहीतर वर्ष जाईल, आणि वर्ष गेलं की घरचे स्थळ बघतील. तिने विषय आणलाय तो असा, की लिहिता-वाचता न येणाऱ्या, वय झालेल्या बायका मोबाईलवर बोलून जे निरोप पाठवतात, त्यांचा अभ्यास. पवना धरणाच्या आसपासची गावं.

हो, बरोबर वाचलंस. तुझाच विषय.

तिने चोरलेला नाही तो. कॉलेजात असताना तिने तुला तिच्या घराच्या ओसरीवर बसून आजीचा आवाज रेकॉर्ड करताना पाहिलंय. "असंही शिकता येतं हे मला त्या ताईंकडे बघून कळलं," असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली. तिच्या सरांनी सांगितलं की ती मुलगी सोडून गेलीय, तर तू घे. तिने घेतला, आणि आपल्या पद्धतीप्रमाणे बैठकीत मांडला.

ती पद्धत तुला आठवत असेल, तूच घातलीस. आपले दोघेजण वर्षभर एकाच विषयावर राबत होते आणि दोघांनाही पत्ता नव्हता. कळल्यावर जे भांडण झालं त्यात खोलीचा पंखा बिघडल्याचाही दोष एकमेकांवर गेला. त्यानंतर ठरलं, की विषय नोंदवण्याआधी सलग दोन बैठकांत सगळ्यांसमोर विचारायचं. कसं विचारायचं, तर मी आमच्याकडची रीत सांगितली. सुगी झाल्यावर कुणाच्या वावरात गुरं सोडायची तर आधी बांधावरून हाक देतात, रान मोकळं आहे का? तुला ते इतकं आवडलं की नियमच झाला. दोन्ही वेळा कुणी बोललं नाही तर रान मोकळं. आणि पुढचं कलम तू हट्टाने घातलंस, की ज्याचं रान त्यानेच बोलायचं, दुसऱ्या कुणी त्याच्या वतीने बोलायचं नाही. कारण तोवर आपल्या सगळ्यांच्या वतीने कुणीतरी मोठं माणूसच बोलत आलं होतं.

गेल्या बैठकीत समन्वयक म्हणून मी ते विचारलं. खोलीत सगळ्यांना माहीत होतं रान कुणाचं आहे ते. कुणी बोललं नाही, कारण कुणालाच बोलता येत नव्हतं. बैठक संपल्यावर मात्र जिन्यात सगळे बोलले. श्रीयश म्हणाला, "दोन वर्षं नांगर लागला नाही म्हणजे पडीकच की. आपण काय सातबारा ठेवतो का?" प्रेरणा म्हणाली, "आणि आजारी माणसाचं रान पडलं तर? तेही पडीक?" तो म्हणाला, "ती आजारी नाही, ती इथून दहा मिनिटांवर हॉटेलच्या जाहिराती लिहिते." प्रेरणा म्हणाली, "तू आजारपण फक्त दवाखान्यातलं मोजतोस." मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी किल्ली मागितली.

मला तो दिवस आठवत होता. तुझ्या पीएचडीच्या प्रगतीच्या सादरीकरणाचा. मी मागच्या रांगेत होते. तू समितीसमोर अंबूबाईंचा, म्हणजे सृष्टीच्या आजीचाच, निरोप लावलास, नातवाला, पवनला पाठवलेला. "पवन, म्हस याली रं. रेडी झाली. जेवला का?" आणि मग बराच वेळ नुसता श्वास, मागे कोंबड्या. आणि मग हळूच, "बोल की." तुला त्या थांबण्याबद्दलच सांगायचं होतं. निरोप पाठवून झाल्यावरही समोरच्याच्या बोलण्याची वाट बघणाऱ्या बायका, हेच तर तुझं अख्खं प्रकरण होतं. पण तोवर एकजण हसला होता आणि मग सगळेच. म्हशीच्या बाळंतपणावर डॉक्टर होणार का, असंही कुणीतरी म्हणालं. तू लॅपटॉप मिटलास आणि म्हणालीस, "माफ करा." समितीला वाटलं, तू त्यांची माफी मागितलीस. तुमचा आवाज मी कुणाला हसण्यावारी नेऊ देणार नाही, असा शब्द तू त्या बायकांना दिला होतास, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आठवड्याभरात तू गटातून बाहेर पडलीस. "माझ्यासाठी थांबू नका." एवढंच. आम्ही थांबलो नाही. तू सांगितलंस म्हणून थांबलो नाही, आणि मला अजून कळत नाही की आम्ही तुझं ऐकलं ते बरोबर केलं का.

आता मूळ गोष्टीवर येते. मागच्या रविवारी सृष्टीच्या आराखड्यात मदत करायला मी तिच्या घरी गेले होते. तिकोण्याच्या पायथ्याशी आता गडावर जाणाऱ्यांपेक्षा तंबूत राहायला येणारेच जास्त दिसतात. अंबूबाई ओसरीवर वाल सोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ही ती न्हाई."

"कोण ती, आजी?"

"तळेगावची. बारीक आवाजाची."

सृष्टी म्हणाली, "आजी, ती ताई कवाच सोडून गेली."

"तर! सोडून गेली म्हनं. सुगीच्या आदी हितंच बसून भाकर खाऊन गेली. माझा आवाज भरून नेला. शेजारच्या बयाबाईचा बी नेला."

सृष्टी आजीजवळ सरकली. "मला का न्हाई सांगितलं?"

"तू कवा इच्यारलं? फोनवर तुझं आपलं हं, हं, ठिवते." आणि मग वाल सोलता सोलता, "कुनाला सांगू नका म्हनली होती. आता तुमीच बोलाय लावलं."

एकदा तोंड उघडल्यावर त्या थांबल्या नाहीत. तू त्या प्रसंगानंतर पहिल्यांदा गेलीस ती रडतच गेलीस म्हणे. "म्हनली, आजी, तुमचा आवाज ऐकून तिकडं लोक हसली. म्या म्हनलं, मग? म्हस याल्यावर हसायचंच आसतं. रडतीस कशाला? च्या घे." हे सांगताना त्यांना स्वतःलाच इतकं हसू आलं की वाल सांडले. मला हसता आलं नाही. दोन वर्षं आम्ही तुझ्या मागे हळू आवाजात बोलत होतो, आणि तू सुट्टीच्या दिवशी एसटी पकडून त्याच ओसरीवर जात होतीस.

परतताना सृष्टी माझ्यासोबत एसटीच्या थांब्याकडे निघाली. रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "ताई, त्या अजून करतायत ना ते काम? मग मी रविवारी येतच नाही. विषय मागे घेते, कुणाला काही सांगायला नको." माझा आवाज चढला. इतका, की थांब्यावरची माणसं बघायला लागली. मी म्हटलं, आणखी एक मुलगी गुपचूप बाजूला झाली तर मग 'सहवाचन' कशाला चालवायचं? तू येशील, विषय मांडशील आणि मी विचारीन. ती म्हणाली, "आणि त्या आल्याच नाहीत तर?" त्याचं उत्तर नियमात आहे. विषय तिचा होईल, आणि ती तो चांगला करेल, हेही मला माहीत आहे. पण तुझ्याकडे भरून ठेवलेले ते सगळे आवाज मग कुठे जातील, ते कुठल्याच नियमात नाही.

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी अकरा वाजता मी दुसऱ्यांदा विचारणार आहे. तुझ्या वतीने मी बोलणार नाही, प्रेरणा बोलणार नाही, आजींनी सांगितलेलंही मी बैठकीत सांगणार नाही. गप्प राहिलीस तर ते 'हो' धरलं जाईल, हे तुला कळावं एवढ्यासाठी मी लिहायला बसले होते, आणि बसल्यावर बाकीचं आलं. मोकळं आहे असं म्हणायचं असेल तर तेही येऊन म्हण, सृष्टीसमोर, म्हणजे त्या मुलीला आयुष्यभर कुणाच्या बांधावर चरल्यासारखं वाटणार नाही. नाही म्हणालीस तर तिची काळजी करू नको. तंबूवाल्यांच्या जाहिरातींवर तिच्या डोक्यात काहीतरी घोळतंय आणि महिनाअखेरपर्यंत आम्ही सगळे तिच्यासोबत बसू, हे मी श्रीयशकडूनही कबूल करून घेतलंय. तो कुरकुरला, पण येणार आहे. समन्वयक म्हणून मला तुझी दोन्ही उत्तरं सारखीच आहेत. पण समन्वयक कुणाला पत्रं लिहीत नाही, अपूर्वा. मला तुझ्या तोंडून 'नाही' ऐकायचंय.

'हो' म्हणालीस तरीही तुझीच,
समीक्षा