नंबर नसलेल्या दोन फळ्या

प्रिय बाबा,

राग आलाय म्हणून लिहितेय, हे आधीच सांगते. सोमवारी वाचनालयाच्या व्यवस्थापकांसमोर, मिस्त्रीकाकांसमोर आणि करवतीवरच्या चौघांसमोर तुम्ही म्हणालात, "मशीननं लाकूड मारलं. पोरीला घाई फार." मी तिथंच टेप हातात घेऊन उभी होते. वाचनालयाला आपण करून दिलेली दोन टेबलं तडकली, मधोमध, बोट जाईल इतकी. मान्य. पण काही तपासायच्या आधीच निकाल? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तुमची रीत नव्हती.

लाकूड सुकवायची ती नवी व्हॅक्यूम भट्टी आली त्या दिवसापासून तुमच्या डोळ्यांत खुपतेय. कानामागून आली नि तिखट झाली, असं तुम्ही वखारीत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता. आपली जुनी वाफेची भट्टी तुमची लाडकी; पण तिनं किती जाड, कठीण लाकूड वाया घालवलं ते आठवा. जरा उष्णता वाढली की वरची कातडी सुकून आवळायची, आतलं पाणी आतच अडकायचं आणि फळी कापली की पोटात मधाच्या पोळ्यासारखी भोकं. पाच-पाच आठवडे थांबून हाती काय, तर जळण. उघड्यावरच्या थप्पीत लाकूड निवांत सुकतं, पण जाडीच्या दर इंचाला एक वर्ष धरायचं, आणि तेवढं करूनही घरात ठेवण्याइतकं कोरडं होतच नाही. नव्या भट्टीत हवा काढून घेतली की पाण्याची कमी उष्णतेतच वाफ होते, आतला ओलावा बाहेर ओढला जातो, लाकूड भाजून काढावं लागत नाही. दोन इंची फळी आठ-दहा दिवसांत तयार. तिचे दोषही मला ठाऊक आहेत. माल थोडा मावतो, वीज भरपूर खाते. म्हणून तर मी तुमच्या थप्पीत अर्धंमुर्धं सुकलेलं लाकूडच तिच्यात घालते. म्हणजे निम्मं काम तुमचं, निम्मं तिचं. हे मात्र तुम्ही कुणाला सांगत नाही.

तर मी तपासलं. भट्टीतून निघालेल्या प्रत्येक फळीच्या टोकाला मी नंबर ठोकते, आणि माल कापताना पडलेली टोकं वर्षभर जपून ठेवते. तुम्ही त्याला भंगार म्हणता. त्या दोन टेबलांच्या टोकांवर नंबर नाही. फक्त तुमची निळ्या खडूची खूण आहे. एक तुकडा मधोमध कापला, वजन केलं, दिवसभर घरच्या ओव्हनमध्ये ठेवला, पुन्हा वजन केलं. आईनं दोनदा येऊन विचारलं की केक आहे तर वास का येत नाही. आतला ओलावा निघाला एकोणीस टक्के. हवा होता आठ. त्या फळ्या भट्टीत गेल्याच नव्हत्या, बाबा. मागच्या थप्पीतल्या होत्या, जेमतेम चौदा महिन्यांच्या, आणि तुम्ही त्या बोटानं ठोकून पास केल्या होत्यात.

मी सात वर्षांची असताना तुम्ही मला ते ठोकणं शिकवलंत. सुकी फळी खणखणीत बोलते, ओली भद्द आवाज करते. तुमचं कधी चुकलेलं मला आठवत नाही. म्हणून मिस्त्रीकाकांना विचारलं, या फळ्या पास कशा झाल्या. त्यांनी सांगितलं. गेली दोन वर्षं ते तुमच्या समोर उभे राहतात. तुम्ही फळी ठोकता, ते ऐकतात आणि मान हलवून हो-नाही कळवतात. त्या आठवड्यात ते मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे ठीक. पण ती साऱ्या वखारीसमोर उघडी आणि माझ्यापुरती झाकलेली? आईलाही ठाऊक होतं म्हणे. याचा मला जास्त राग आला, तडकलेल्या टेबलांपेक्षाही.

आणि परवापासून एक गोष्ट मला खातेय. भट्टी घेऊ का, म्हणून मी जेवताना तुम्हाला विचारलं होतं. सगळे फायदे-तोटे, अर्धा तास. तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत. मी त्याला होकार समजले. महिन्याभरानं ट्रकमधून ते धूड उतरलं तेव्हा तुमचा चेहरा असा का झाला, ते आत्ता कळतंय. तुम्हाला वाटलं असेल, पोरीनं विचारलंसुद्धा नाही.

वाचनालयाला मी आज लेखी कळवलंय की चूक भट्टीची आणि माझ्या घाईची. टेबलं बदलून देऊ. पहिल्यांदाच खोटं लिहून दिलं, आणि माझ्याच मशीनवर आळ घेतला. तुमच्या बोटांवर चाळीस वर्षं लोकांनी विश्वास ठेवलाय, तो मला मोडवेना. पण पुन्हा असं करणार नाही. उद्या अकरा वाजता कानांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी बरोबर येणार आहे. एका घरात राहून हे पत्र तुमच्या उशाशी ठेवतेय, कारण तोंडानं सांगायचं तर ओरडावं लागलं असतं. आणि बाबा, तुमच्यावर मला ओरडायचं नाही.

तुमचीच,
घाई असलेली पोरगी