पडद्याआडचा चेलो

३ फेब्रुवारी
झालं! दोन वाद्यवृंदांचा एक होणार. चेलोवाले नको इतके, खुर्ची एकच. परीक्षा पडद्याआड – नाव नाही, चेहरा नाही, फक्त नंबर. बूटसुद्धा काढायचे, चालीवरून कुणी ओळखू नये म्हणून. मुख्य परीक्षक माझे चेलोचे सर.

आमच्या घरातून उमेदवार दोन. मी आणि नवरा. "जिंकेल त्याने भांडी घासायची," तो म्हणाला. हसलो दोघंही. मग दोघंही आपापला चेलो काढून रियाजाला बसलो.

५ फेब्रुवारी
हरले तर काय? मागच्या कपातीतले एकेक चेहरे समोर येतात. ट्रम्पेटवाला आता अंत्यविधीला वाजवतो – "गिऱ्हाईक कधी तक्रार करत नाही!" बासरीवाली विम्याच्या ऑफिसात फोन उचलते. आमच्याच रांगेतला डिंक्या वाद्यं दुरुस्त करतो, आणि खरं तर आमच्यापेक्षा सुखात आहे. मी आताच शाळेत पोरांना शिकवून घर चालवायला हातभार लावते. जन्मभर तेच?

मला ती खुर्ची हवी आहे. नवऱ्यापेक्षाही जास्त. लिहून टाकलं एकदाचं.

८ फेब्रुवारी
नवरा डिंक्याकडे जाऊन आला. जेवताना सहज विचारलं, "सर तुझा चेलो अजून ओळखतात का गं?"

ओळखणारच! जाड तार घोगरी आहे त्याची, सर्दी झाल्यासारखी. "मग पडद्याचा उपयोग काय," म्हणाला, आणि खाली मान घालून जेवत राहिला.

११ फेब्रुवारी
उद्या परीक्षा, आणि नवऱ्याच्या चेलोचा सांधा उघडला! कडेला बोटभर फट. "हवा कोरडी आहे," म्हणाला. चेहरा पांढराफटक. मला बघवेना. शाळेतल्या जुन्या चेलोची मला सवय आहे, त्याला नाही. "माझा घे, मी शाळेतला वाजवते," म्हटलं. नको नको करत घेतला. त्याचा डिंक्याकडे टाकून आले.

सर माझा चेलो ओळखतात, हे मनात आलं. पण लाकडापेक्षा माझं वाजवणं त्यांना जास्त ओळखीचं!

१२ फेब्रुवारी
नुसत्या मोज्यांवर आत गेले. चांगलं वाजलं. खरंच चांगलं वाजलं.

१३ फेब्रुवारी
खुर्ची त्याची.

सरांचा फोन. "अगं, पहिल्या सुरात तुझा चेलो ओळखला. डोळे मिटून मत दिलं. पडदा सरकवला तर हा!" "आणि मी वाजवलेलं?" मी विचारलं. पडद्याआडचा माझा नंबर सांगितला. "ती तू होतीस?"

ओट्याला धरून रडले. वीस वर्षं शिकवलं त्यांनी मला.

नवऱ्याने भांडी घासली, ठरल्याप्रमाणे.

१७ फेब्रुवारी
डिंक्याचा फोन. "त्याचा चेलो चिकटवून तयार आहे. न्यायला येशील तेव्हा माझी पातळ सुरी आण बाई, सांधे उघडायची. परीक्षेच्या आधी नवरा घेऊन गेलाय तुझा, अजून पत्ता नाही."

आतल्या खोलीत तो रियाज करतोय. माझ्या चेलोवर.