चालू यंत्राच्या पूजेबाबत व्याह्यांस खुलासा

लिहून देणार पुंडलिक हिराजी म्हात्रे, वय एकोणऐंशी, इयत्ता चौथी पास, धंदा खारशेती, राहणार धरमतर खाडीकाठ, तालुका पेण, गावकीचे माजी पंच.

रोहेकर श्री. बाबाजी यांस सविनय नमस्कार. आपला गुडघा आता वाकत असावा. माझी प्रकृती उत्तम आहे, फक्त मनास धक्का बसला आहे. आमचा नातू नितेश व आपली मृणाली यांची सोयरीक ज्या प्रसंगावर अडली, त्याची खरी हकीकत कळवितो.

दसऱ्यास मृणालीच्या कंपनीत घरच्यांना यंत्रपूजेस बोलावतात, म्हणून आम्ही गेलो. वडीलधारा या नात्याने तबक माझ्या हाती आले. प्रयोगशाळेत काचेचे चंबू नळ्यांनी जोडलेले, खाली विजेची शेगडी, बाजूस पंप धडधडत होता. आमच्याकडे दसऱ्यास विळासुद्धा विश्रांती घेतो. मृणाली म्हणाली की लावलेले काम अर्ध्यावर सोडता येत नाही, पंपाने आतली हवा ओढलेली आहे, तरी कुंकू टेबलाच्या पायास लावावे. (टेबलाच्या पायास!) मी स्तंभित झालो. यंत्रास घटकाभर विसावा मिळावा, या शुद्ध हेतूने मी काचेची तोटी धरली. तोच तिने सर्वांसमक्ष माझे मनगट पकडले. वैद्याखेरीज ते आजवर कोणी धरलेले नाही.

"आजोबा, सोडा ती. आत हवा नाय. आता उघडलीत तर बाहेरची एकदम घुसंल, गरम माल उसळंल, काच तुमच्या तोंडावर येईल."

काम उरकल्यावर तिने शेगडी बंद केली, चंबू निवेपर्यंत मला स्टुलावर बसविले (पाहुण्यांकडे तोंड करून), मग तोटी केसभर फिरविली. बारीक सुस्कारा निघाला. हवा सावकाश भरली. पंप सर्वांत शेवटी बंद. तेव्हा आमच्या सौ. चंद्रावती मोठ्याने म्हणाल्या,

"बरा धरलास गो हात. भरतीला उघाडी उघडाया निघालेले."

बांधाच्या उघाडीची फळी भरतीत उचलली की खाडी शेतात घुसून बांध फोडते, हे मी साऱ्या गावास ओरडून शिकविलेले आहे.  त्यामुळे पूजेनंतर आपल्या घरी जेवायला बसलो, तो भरल्या ताटावरून उठलो व वडखळची एसटी धरली.

आपला,
पुंडलिक म्हात्रे

ता. क. आमचा होकार कायम आहे.

दुसरा ता. क. होकार मृणालीचा थांबला आहे, असे नितेश सांगतो. चूक दाखविल्यावर ज्या घरचे वडील भरल्या ताटावरून उठतात, तिथे नांदावे कसे, असे तिने विचारले म्हणे. प्रश्न रास्त आहे. तिला कृपया सांगावे की म्हातारा रुसतो, पण ऐकतो. रविवारी मी जेवायला येत आहे.

हे लिहिताना हजर साक्षीदार: सौ. चंद्रावती (यांनी मजकूर दोनदा बदलावयास लावला) व नितेश (हा पाकीट नेण्यासाठी चपला घालून दारात उभा आहे).