विशू ऐकत नाही

नवीन पनवेल,
११ ऑगस्ट २०२४

ती. सौ. अनुयाताईंस,
रुचिराचा सा. न. वि. वि. (साष्टांग कागदावरच समजावा. प्रत्यक्षात वाकले की विशू पाठीवर स्वार होतो.)

तुमची बदली त्या धडगावच्या डोंगरातल्या निवासी शाळेत झाली आणि तुमचा फोन लागेनासा झाला, तेव्हा मी देवेशला म्हटलं की आता वन्संना पत्रं लिहीन. तुमचे बंधू हसले. लग्नानंतर माझं अक्षर त्यांनी फक्त दूधवाल्याच्या चिठ्ठीवर पाहिलंय. तेव्हा हे पत्र आधी त्यांना खोटं पाडायला आणि मग तुमच्या आठवणीने लिहिलं आहे, हे सांगून मोकळी होते.

विशूला पुन्हा सर्दी झाली आहे. प्लेग्रुपला जायला लागल्यापासून नाक वाहायचं थांबतच नाही. औषध संपलं की सर्दी परत हजर. ताप नाही, खातोही बरा. पण तीन पूर्ण झाले तरी आठ-दहा शब्दांपलीकडे गाडी जात नाही, आणि अजिबात ऐकत नाही हो. चप्पल घाल म्हटलं तरी ढिम्म, जेवायला ये म्हटलं तरी ढिम्म. टीव्हीला मात्र नाक लावून बसतो. दहादा हाक मारून अकराव्यांदा मी ओरडते, तेव्हा कुठे साहेब वळून बघतात.

पण मला एक मोठा आधार सापडलाय. इमारतीतल्या आम्ही लहान मुलांच्या आया संध्याकाळी खाली बागेत जमतो. 'आई मंडळ' हे नाव माझंच, आणि नियमही माझाच, की कुणी कुणाला घाबरवायचं नाही. एकीने सांगावं की पोर झोपेत दात खातं, बाकीच्यांनी म्हणावं की आमच्याकडेही हेच. मी विशूचं सांगितलं तेव्हा सगळ्या एका सुरात म्हणाल्या, अगं, आमचीही ऐकत नाहीत! काय हलकं वाटलं म्हणून सांगू. डॉक्टरांच्या दवाखान्यात ताटकळून जे मिळत नाही ते इथे बाकावर बसल्या बसल्या मिळतं.

एकटी पहिल्या मजल्यावरची निशा काही बोलली नाही. निशा म्हणजे ज्यांच्या भातशेतावर आमची इमारत उभी राहिली त्या काशीरामकाकांची सून. स्वभावाने रोखठोक आहे. तिची मुलगी विशूच्याच वयाची. मंडळात ती येते, पण 'आमच्याकडेही हेच' म्हणायला तिला जड जातं.

तुमच्या अरूचा खोकला कसा आहे? तिला माझा पापा. माझ्यावर आहे तेवढी माया राहू द्या. वाढवलीत तर उत्तरही तेवढंच लांब लिहावं लागेल, ते सांभाळा.

आपली,
रुचिरा


धडगाव,
२ सप्टेंबर २०२४

चि. सौ. रुचिरा हिस,
अनुयाचे अ. उ. आ. (इथलं टपाल पाहता अर्धे आशीर्वाद वाटेत सांडले असतील. उरलेले गोड मानून घे.)

तुझं पत्र आलं तेव्हा मी सातवीच्या वह्या तपासत होते. वह्या बाजूला ठेवून ते दोनदा वाचलं. तुझं अक्षर सुंदर आहे हे देवेशला कळवत आहे, म्हणजे तो तुला चिठ्ठ्यांव्यतिरिक्तही काही लिहायला लावील.

अरूचा खोकला गेला. मी काढा दिला, तिने तो कुंडीत ओतला आणि बरी झाली. कुंडीतली तुळस मात्र सुकली आहे. आता दात दुखतो म्हणते, पण तो फक्त पोळी खाताना दुखतो, शिरा खाताना नाही.

विशूची काळजी अजिबात करू नकोस. आमच्या घराण्यातले पुरुष बोलायला उशीरच करतात. देवेश तीन उलटून गेल्यावर बोलला, आणि पहिलं वाक्य बोलला ते माझी चहाडी करणारं. आईला विचार हवं तर. ऐकत नाही म्हणशील तर माझ्या वसतिगृहात दीडशे मुलं ऐकत नाहीत, त्यामुळे माझं मत अनुभवाचं समज. तुझ्या मंडळाचा नियम मला फारच आवडला. तो मी आमच्या शिक्षकांच्या खोलीत लागू केला, तर मुख्याध्यापक म्हणाले की मग निकाल कसा लावायचा.

तुझी आठवण उचकीसारखी येते, वेळ-काळ बघत नाही. ती तशीच येत राहो.

तुझी,
अनुयाताई


नवीन पनवेल,
१ डिसेंबर २०२४

ती. सौ. अनुयाताईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी मंडळात वाचून दाखवलं. घराण्यातले पुरुष उशिरा बोलतात यावर इतक्या माना हलल्या की वारा सुटला. आता विशू बोलला नाही की मी तुमच्या घराण्याकडे बोट दाखवते आणि निवांत होते.

आज मंडळाची सहल कर्नाळ्याच्या अभयारण्यात गेली होती. मुलांनी नुसता उच्छाद मांडला. झाडावर कुठलासा पक्षी ओरडला की सगळी पोरं मान वर करून धावत सुटायची आणि आया मागून. आमचा विशू तेवढा एका दगडावर बसून मुंगळ्यांची रांग बघत होता. इतकी पाखरं कलकलत होती, पण त्याने मान वर केली नाही. सगळ्या म्हणाल्या, काय गं एकाग्रता! मी वरवर नाही-नाही म्हटलं, पण खरं सांगते, घरी येईपर्यंत हवेत होते.

(३ डिसेंबर) पत्र अर्धवट राहिलं होतं. आता पुढचं लिहिते ते संतापाने. काल संध्याकाळी खाली गाड्या लावतो तिथे विशू उकिडवा बसून खडे वेचत होता. मी चार पावलांवर होते. निशा तिची ती भली मोठी गाडी घेऊन मागून आली. तिने हॉर्न दिला, पुन्हा दिला, मग नुसता दाबूनच धरला. हा पठ्ठ्या पाठ करून बसलेला, हलायला तयार नाही. मी धावत जाऊन त्याला उचललं. तोवर निशा खाली उतरून सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडायला लागली की पोराकडे तुमचं लक्ष नाय, तुमी हात धरून का ठेवत नाय, माझ्या गाडीखाली आला असता तर आमी काय तोंड दाखवलं असतं.

माझाही तोल गेला. मी म्हटलं की जमीन तुमच्या सासऱ्यांची असेल, सोसायटी आमची आहे. ती तडक गाडीत बसून निघून गेली. मंडळ सगळं माझ्या बाजूचं. तिला ग्रुपमधून काढलंसुद्धा. घाबरवायचं नाही हा नियम तिने मोडलाच ना.

राग शांत झाल्यावर पुन्हा लिहीन. तोवर तुम्ही माझी बाजू धरून ठेवा, हात दुखेपर्यंत.

आपली,
रुचिरा


धडगाव,
१४ डिसेंबर २०२४

चि. सौ. रुचिरा हिस,
अ. उ. आ.

धरली बाजू, दोन्ही हातांनी! त्या निशाबाईंना म्हणावं, पोरं म्हणजे काय गाडीचा गियर आहे, टाकला की पुढे गेला? तू जे बोललीस ते जरा बोचरं होतं, पण वेळेवर सुचलं याचं मला कौतुक वाटलं. मला असली उत्तरं दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचतात. तिच्याशी बोलायला जाऊ नकोस. काही दिवस तिच्याकडे बघून फक्त हसायचं, त्याने माणूस जास्त पोळतो.

विशू निर्भय आहे, एवढाच याचा अर्थ. आमचे आजोबा असेच होते.

अरू दाताचं विसरली, आता पोट दुखतं म्हणते. रविवारी दुखत नाही.

इथे थंडी पडली आहे आणि तुझ्या पत्रांशिवाय शेकोटी नाही. पुरवठा चालू ठेव.

तुझी,
अनुयाताई


नवीन पनवेल,
१६ डिसेंबर २०२४

ती. सौ. अनुयाताईंस,
न. वि. वि.

हे पत्र तुमच्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. तुम्ही माझी बाजू घेतली असेल तर सोडून द्या, ताई.

भांडणानंतर चार दिवसांनी निशा घरी आली. मुलीला कडेवर घेऊन दारात उभी. मला वाटलं, जमिनीच्या टोमण्याचा हिशेब चुकता करायला आली. ती म्हणाली की तुमी मला ग्रुपातून काढलं त्याचं मला काय नाय, पण मला झोप लागत नाय, म्हणून आले. मी तिला बसही म्हटलं नाही. ती आपणच बसली.

मग तिने सांगितलं की माझी पोरगी हट्टाला पेटली की आधी हाक ऐकते, डोळ्याच्या कोपऱ्यातून आईला बघते आणि मग मुद्दाम तोंड फिरवते. हॉर्नला तर मोठा माणूसही दचकतो. तुमचा पोरगा दचकला पण नाय. त्याला ऐकायचं नाय असं नाय, त्याला ऐकू येत नाय.

मी तिला जायला सांगणार होते. ती उठली ती सरळ स्वयंपाकघरात गेली, स्टीलचं ताट आणि लाटणं घेऊन आली. विशू आमच्याकडे पाठ करून ठोकळे रचत होता. तिने त्याच्या मागे उभं राहून ताटावर लाटणं हाणलं. तिची मुलगी किंचाळली, माझ्या हातून कप पडला. विशूने लाल ठोकळ्यावर निळा ठेवला, आणि मग पिवळा.

मी काय केलं ते आठवत नाही. निशाने काच गोळा केली एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे एका बंद खोलीत विशूच्या कानांना यंत्र लावलं. निशा बाहेर बाकावर बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि परत पाठवायची माझी हिंमत नव्हती. डॉक्टर म्हणाले की वारंवार सर्दी होऊन दोन्ही पडद्यांमागे पाणी साचून घट्ट झालंय. आवाज त्याला पोचतो, पण जाड गोधडीतून पोचावा तसा. आतली नस चांगली आहे. बऱ्याच मुलांचं हे पाणी आपोआप ओसरतं, म्हणून काही आठवडे बघायचं. नाहीच ओसरलं तर पडद्यात बारीकशी नळी बसवायची. बोलणं त्यामुळेच अडलंय.

बरं होण्यासारखं आहे हे ऐकून देवेश तिथेच रडला. मला रडू आलं नाही. मी कर्नाळ्यातला तो दगड बघत होते.

आणि मंडळ? मी काल सगळं सांगितलं. आता प्रत्येकीच्या घरी ताटं वाजताहेत. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी तक्रार केली आहे.

या वेळी मायेचं काही मागत नाही. फक्त लवकर लिहा.

रुचिरा


धडगाव,
२८ डिसेंबर २०२४

चि. रुचिरा,
अ. उ. आ., आणि या वेळी खरेखुरे.

तुझं पत्र वाचून टेकडी चढून वर गेले, फोन लावला, लागला नाही. खाली आले ती तुला लिहायला बसले. मी शिक्षिका आहे. वर्गात पाठीमागून हाक मारून बघणं हे माझं काम आहे, आणि मी तुला घराण्यातल्या पुरुषांच्या गोष्टी सांगत बसले. आजोबा निर्भय नव्हते गं. त्यांनाही कमी ऐकू यायचं. आम्ही शौर्याच्या कथा मागाहून रचल्या.

अरूच्या पाठीमागे उभं राहून मी हळूच लाडू म्हटलं, ती पळत आली. यांच्या मागे उभं राहून पडदे धुवायचेत म्हटलं, हे हलले नाहीत. त्यांना मात्र तपासायची गरज नाही असं माझं मत आहे.

सुट्टी मिळाली की मी येतेच. ऑपरेशन करायचं ठरलं तर तारीख कळव. निशाला माझा नमस्कार सांग. तिच्याबद्दल मी जे लिहिलंय ते पत्र पोचलं असेल तर फाडून टाक, आणि पोचलं नसेल तर पोस्टमनला फाडायला सांग.

तुझ्याजवळ नाही याची टोचणी घेऊन,
तुझी,
अनुयाताई


नवीन पनवेल,
६ एप्रिल २०२५

ती. सौ. अनुयाताईंस,
तुमच्या रुचिराचा सा. न. वि. वि. (विशू झोपलाय, त्यामुळे या खेपेला साष्टांग खराच घातला.)

तुम्ही ऑपरेशनला आलात, तीन दिवस राहिलात, तरी पुढचं सगळं तुम्ही गेल्यावर घडावं म्हणजे काय! म्हणून लिहिते.

निशाला मंडळाने परत घ्यायचं ठरवलं. आम्ही सगळ्या मिळून तिच्या घरी गेलो. तिने आम्हाला बसवलं, वालाची उसळ आणि तांदळाच्या भाकरी पोट फुटेस्तोवर खायला घातल्या आणि सांगितलं की तुमच्या मंडळात मी येणार नाय, तिथे सगळ्यांचं सगळं बरंच असतं. त्यापेक्षा कुणाला खरोखर धास्ती वाटली तर तिने माझ्याकडे यावं. आता रोज दुपारी तिच्या घरी गर्दी असते आणि बागेतला बाक रिकामा. मी अध्यक्ष कसली, तिथे भाकऱ्या भाजायला बसते. जमिनीवरून बोलले त्याची माफी मागितली, तर म्हणाली, सासऱ्यांना सांगितलं होतं मी, ते हसले, म्हणाले की सोसायटी खरंच त्यांचीच आहे, देखभालीचं बिल बघ.

घरी मात्र वेगळीच गंमत चालली आहे. विशूला आता आवाज येतात आणि ते कुठून येतात ते कळत नाही. कुकरची शिट्टी झाली की माझ्या पायाला मिठी. फ्रिज घुरघुरला की त्याच्या दाराशी जाऊन विचारतो, कोण? नळ ठिबकला, कोण? वर कुणी खुर्ची सरकवली, कोण? देवेश प्रत्येक वेळी गंभीरपणे ओळख करून देतो, हा फ्रिज, हा नळ, हे वरचे काका. परवा महामार्गावरून कळंबोलीकडे जाणारा ट्रक भोंगा वाजवत गेला तेव्हा विशूने खिडकीतून त्यालाही विचारलं. ट्रकने उत्तर दिलं नाही.

काल दुपारी तो बाहेरच्या खोलीत चित्रं रंगवत होता. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. तीन वर्षं मी त्याच्याशी ओरडूनच बोलले आहे, ताई. त्याशिवाय तो वळायचाच नाही आणि मला वाटायचं तो हट्टी आहे. काल घड्या घालता घालता, कुणाला ऐकवायचं असं काही मनात नसताना, मी इतरांशी बोलते तशा खालच्या आवाजात म्हटलं, विशू, राजा, दूध पितोस का रे?

बाहेर रंगवणं थांबलं. तो दारापर्यंत आला, पडद्याआडून डोकावून खोलीभर बघितलं आणि अगदी हळूच विचारलं, कोण?

मी म्हटलं, आई.

दूध उतू गेलंय, उठते. येत राहा, लिहीत राहा, आणि आमच्या घरी आलात की दार जरा हळू लावत जा.

आपली,
रुचिरा